दहा काडतुसांची पेटी
(जेम्स पॅरिस ली : १८३१ ते १९०४)

तृतीय वर्ष कला (इतिहास)

पोलीस चौकीच्या दाराशी, किंवा निवडणुकीच्या दिवशी गावच्या शाळेच्या व्हरांड्यात, जी लांब, लाकडी दस्त्याची, जड बंदूक आपण वर्षानुवर्षे पाहिली, तिला आपल्याकडे थ्री नॉट थ्री म्हणतात. वास्तविक हे तिचे नाव नव्हे. नळीच्या व्यासाचे ते माप आहे : एका इंचाचे तीनशे तीन सहस्रांश. तिचे नाव ली-एनफील्ड. यातले एनफील्ड म्हणजे लंडनजवळचे बंदुकांच्या सरकारी कारखान्याचे गाव, आणि ते नाव १८५७ च्या काडतुसांमुळे आपल्या शालेय पुस्तकांतही आलेले आहे. ली मात्र एका माणसाचे आडनाव. शस्त्रांच्या इतिहासात ते ब्राउनिंग आणि माउझर यांच्या पंक्तीत घेतले जाते; आपल्याकडे ज्या शिपायांनी त्याची बंदूक जन्मभर खांद्यावर वागवली, त्यांनाही ते माणसाचे नाव असल्याचे सहसा कोणी सांगितले नसेल.

वार्षिकात दरवर्षी थोरांची चरित्रे येतात. थोर या शब्दात ली बसतो की नाही, हे मी ठरवलेले नाही. त्याने माणसे मारण्याचे साधन सुधारले, हे लपवण्याजोगे नाही आणि मी ते लपवणारही नाही. परंतु आपल्या देशाच्या इतिहासात ज्या वस्तूने इतका हात घातला, ती कोणाच्या डोक्यातून निघाली आणि कशी चालते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असावे, असे मला वाटते. विशेषतः ती कशी भरतात हे. पुढे जे सांगायचे आहे ते सारे या भरण्याशीच निगडित आहे.

जेम्स पॅरिस ली याचा जन्म ९ ऑगस्ट १८३१ रोजी स्कॉटलंडमधील हॉइक या गावी झाला. तो पाच वर्षांचा असताना, त्या काळच्या अनेक स्कॉटिश कुटुंबांप्रमाणे, हे कुटुंबही समुद्र ओलांडून कॅनडात गेले आणि गॉल्ट या गावी स्थिरावले. हे गाव आज ओंटारिओतील केंब्रिज शहराचा भाग आहे. वडील जवाहिरे आणि घड्याळजी. मुलगा त्यांच्याच दुकानात हाताखाली काम करू लागला. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, केसाएवढी कमान जागेवर बसवायची, हे त्याचे शिक्षण. पुढच्या आयुष्यात त्याने जे जे केले त्यात हा घड्याळजी मला सतत दिसतो.

वयाच्या बाराव्या वर्षी त्याने पहिली बंदूक बनवली. घोडेस्वाराच्या एका जुन्या पिस्तुलाची नळी, अक्रोडाच्या लाकडाचा स्वतः तासलेला दस्ता, आणि दारू ठेवण्याची वाटी म्हणून अर्ध्या पेनीचे नाणे, असा सारा सरंजाम. ती बंदूक धड चालली नाही. पण छंद लागला तो लागलाच. पुढे त्याने कॅनडातच चॅटॅम येथे स्वतःचे घड्याळाचे दुकान घातले, कॅरोलाइन क्रिस्लर हिच्याशी संसार थाटला, आणि १८५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात स्टीव्हन्स पॉइंट येथे जाऊन राहिला. आपल्याकडे मीरतला आणि दिल्लीला ठिणगी पडली त्या वर्षी हा पंचविशीतला तरुण लोकांची घड्याळे दुरुस्त करीत होता.

ती ठिणगीसुद्धा बंदूक भरण्याच्याच एका कृतीवरून पडली होती, हे येथे आठवावे. एनफील्ड बंदूक तोंडाकडून भरायची. चरबी लावलेले कागदी काडतूस दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची, गोळी गजाने खाली ठासायची. एक बार काढला की पुन्हा सारे पहिल्यापासून. हे ठासणे कसे टळेल, मागून, कुल्पाच्या बाजूने, बंदूक कशी भरता येईल, या एका प्रश्नामागे त्या काळचे पन्नासेक कारागीर तरी लागलेले होते. ली त्यांतला एक.

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि अशा कारागिरांना गिऱ्हाईक मिळाले. ली याने जुन्या ठासणीच्या बंदुका मागून भरता येतील अशी युक्ती काढली, पेटंट घेतले, मिलवॉकीला कंपनी उभी केली, आणि १८६५ साली उत्तरेच्या सैन्याकडून एक हजार आखूड बंदुकांचा ठेका मिळवला. पण नळीच्या व्यासावरून तंटा झाला, सैन्याने माल नाकारला, आणि युद्धही संपले. दहा वर्षांनी पुन्हा तेच. अमेरिकन काँग्रेसने दहा हजार डॉलर मंजूर करून स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात त्याची एकबारी रायफल बनवून पाहिली. १८७५ साली १४३ नग झाले आणि प्रकरण तेथेच थांबले. दुसरा एखादा पुन्हा घड्याळांकडे वळला असता.

आता त्याच्या खऱ्या कामाकडे येतो. लागोपाठ अनेक बार काढणाऱ्या बंदुका तोपर्यंत निघालेल्या होत्या. त्यांतील बहुतेकांत काडतुसे एका लांब नळीत, एकामागे एक, ठेवलेली असत. ही नळी दस्त्यात तरी असे, नाहीतर बंदुकीच्या नळीखाली. यात दोन अडचणी. पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे नेमके जेथे आघात झाला की बार उडतो तेथे, मागच्या गोळीचे नाक टेकलेले. आणि काडतुसे संपत जातात तसतसा बंदुकीचा तोल बदलत जातो. शिवाय नळी रिकामी झाली की एकेक काडतूस पुन्हा ढकलत बसायचे. म्हणजे पहिली सात-आठ मिनिटाच्या आत उडाली तरी नंतर शिपाई पुन्हा पूर्वीच्याच जागी येतो.

ली याने काडतुसे आडवी, एकावर एक ठेवली. पत्र्याची एक चपटी पेटी; तळाशी घडीची कमान; कमानीवर पत्र्याची बैठक; बैठकीवर काडतुसे. पेटीच्या वरच्या कडा किंचित आत वळवलेल्या, त्यामुळे सर्वांत वरचे काडतूस बाहेर उडत नाही, पण पुढे ढकलले तर सरकते. ही पेटी चापाच्या पुढे, खालून, बंदुकीत अडकवायची. बोल्ट पुढे ढकलला की तो वरचे काडतूस ढकलत नळीत नेतो. मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, आणि कमान पुढचे काडतूस वर उचलते. बस्स, इतकेच. आज जगातील जवळजवळ प्रत्येक लष्करी बंदुकीला खाली लटकणारे जे मॅगझीन दिसते, त्याचे मूळ या पेटीत आहे. ४ नोव्हेंबर १८७९ रोजी तिचे पेटंट मिळाले. माझ्या मते ही कल्पना घड्याळजीलाच सुचावी. दाबून ठेवलेली कमान आपली शक्ती एकदम न सोडता, दर टोल्याला ठरावीक एवढीच सोडते. घड्याळ तरी दुसरे काय करते?

पेटी सुटी निघते, ही त्यातील सर्वांत मोठी गोष्ट. ली याचा हेतू असा, की शिपायाने भरलेल्या दोन-चार पेट्या जवळ ठेवाव्यात. एक रिकामी झाली की काढावी आणि दुसरी बसवावी. आज हे इतके साधे वाटते की यात शोध तो काय, असे कोणी म्हणेल. पण हे साधे काम करू द्यायला सैन्यांनी फार वर्षे घेतली.

अमेरिकन नौदलाने थोड्या बंदुका घेतल्या. त्या बनवणारी शार्प्स कंपनी मध्येच बुडाली, काम रेमिंग्टनकडे गेले. अमेरिकन सैन्याने १८८० नंतरच्या दशकात तीन निरनिराळ्या मॅगझीन बंदुका पलटणींत वाटून पाहिल्या, त्यांत ली याची एक होती. आणि सगळे पाहून आपली जुनी एकबारी स्प्रिंगफील्डच बरी, असा कौल दिला. इंग्लंडने मात्र कसून चाचण्या घेतल्या आणि १८८८ साली ली याची पेटी व बोल्ट, आणि मेटफर्ड नावाच्या अभियंत्याची नळी, अशी सांगड घालून ली-मेटफर्ड स्वीकारली. आधी पेटीत आठ काडतुसे, पुढे १८९२ च्या नमुन्यात दहा. कॉर्डाइट या नव्या दारूच्या उष्णतेने मेटफर्डच्या नळीचे उथळ आटे झिजू लागले, म्हणून १८९५ साली एनफील्डच्या कारखान्याचे आटे घेतले, आणि नावातून मेटफर्ड गेला. ली राहिला.

पण पेटीचे या लोकांनी काय केले पाहा. पहिल्या नमुन्यात ती हरवू नये म्हणून एका छोट्या कडीने बंदुकीलाच जखडली. शिपायाला पेटी एकच. सुट्या भरलेल्या पेट्या बाळगण्याची ली याची कल्पना बाजूला पडली. त्यावर आणखी कट-ऑफ नावाचा पत्रा बसवला. तो आत सारला की पेटीचे तोंड बंद. मग शिपायाने एकेक काडतूस हाताने घालून, जुन्या बंदुकीसारखे, एकेक बार काढायचा. पेटीतली काडतुसे राखीव, आणि ती उघडायची अधिकाऱ्याचा हुकूम झाला तरच. कारण असे, की शिपायाच्या हाती दहा बार एकदम दिले तर तो गडबडून सारे उधळून टाकील. यंत्र घेतले, पण ते ज्याच्या हाती द्यायचे त्या माणसावर विश्वास नाही.

गोऱ्या शिपायाबद्दल ही शंका, तर हिंदी शिपायाबद्दल काय असेल? १८५७ नंतर इंग्रजांचे धोरणच असे होते की हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्यांपेक्षा एक पिढी जुने हत्यार असावे. गोऱ्या पलटणींकडे ली याची पेटी आली तेव्हा आपल्या शिपायाकडे एकबारी मार्टिनी-हेन्री होती. पुढे १९१४ साली हिंदी फौज फ्रान्सला नेली, तेव्हा मार्सेय बंदरात उतरल्यावर तिला नव्या नमुन्याच्या रायफली मिळाल्या. जर्मनांसमोर उभे करायचे म्हटल्यावर विश्वास बसला. पुण्याचे नाव मिरवणारी सहावी डिव्हिजन, आणि तिच्यातील १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कूत येथे वेढल्या गेल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशीपोटी शरण आल्या. त्या मराठी मुलखातल्या माणसांची गोष्ट स्वतंत्र लेखाची आहे. येथे नुसता उल्लेख करून पुढे जातो.

बोअर युद्धाने (१८९९ ते १९०२) इंग्रजांचे डोळे उघडले. बोअर शेतकऱ्यांजवळ माउझर बंदुका होत्या. पाच काडतुसे एका पत्र्याच्या क्लिपमध्ये बसवलेली. क्लिप वरून खाचेत टेकवायची, अंगठ्याने दाबायचे, पाचही आत. इंग्रज शिपाई मात्र ली याच्या पेटीत एकेक काडतूस कोंबत बसला. गंमत अशी, की ली याला ही युक्ती ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. १८९५ साली त्याने अमेरिकन नौदलासाठी जी सहा मिलिमीटरची रायफल रचली, ती पाच काडतुसांच्या क्लिपनेच भरत असे, आणि १८९८ साली क्युबात ग्वांतानामो येथे अमेरिकन मरीन शिपायांनी ती वापरलीही. त्याच्याच नावाच्या इंग्रजी बंदुकीला मात्र ही सोय पराभवांचे चटके बसल्यावर, १९०३ च्या सुमारास मिळाली. क्लिपला इंग्रजी सैन्यात चार्जर म्हणत. दोन चार्जर, पाच आणि पाच, की पेटी भरली. यातही एक खुबी आहे. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते. वरच्या काडतुसाची कडा नेहमी खालच्याच्या कडेपुढे हवी. मागे पडली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि बंदूक ऐन वेळी मुकी होते.

आखूड केलेली ही नवी ली-एनफील्ड पलटणींत पोचू लागली त्याच सुमारास, २४ फेब्रुवारी १९०४ रोजी, अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातील शॉर्ट बीच येथे ली वारला. बहात्तर वर्षांचा होता. ज्या नमुन्याने ती जगभर गाजली तो १९०७ चा नमुना त्याने पाहिला नाही. पेटीवरचा तो कट-ऑफही महायुद्धात, १९१६ च्या आरंभी, इंग्लंडमध्ये काढून टाकला गेला. विश्वास वाढला म्हणून नव्हे. लाखोंनी बंदुका बनवायच्या होत्या आणि तेवढेच काम वाचत होते.

भरण्याची ही बाब मी इतकी लांबवली त्याला एक निमित्त झाले. विलायतेत आणि अमेरिकेत काही मंडळी जुन्या लढायांचे पोशाख करून, त्या काळच्या बंदुकांच्या खेळण्यातल्या प्रतिकृती घेऊन लुटुपुटीच्या लढाया खेळतात. या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात. खऱ्या बंदुका बाळगण्यावर कडक बंदी असलेल्या जपानात तो जन्मला. बंदुकीतून सहा मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी हवेच्या दाबाने सुटते. माझ्या एका वर्गमित्राने या खेळाची चित्रफीत मला दाखवली. अंगावर पहिल्या महायुद्धातला खाकी गणवेश, हातात ली-एनफील्ड. प्रथम मला हसू आले. मग मी त्यांचे मॅगझीन पाहू लागलो.

खेळण्याच्या पेटीत या गोळ्या एका अरुंद वाटेत मण्यांसारख्या ओवलेल्या असतात आणि बारीक कमान त्यांना वर रेटते. काही पेट्यांत तर शेकडो गोळ्या मावतात. खाली एक चाक असते, त्याला घड्याळाच्या किल्लीसारखे पीळ देत राहायचे. पण इतिहासाची चाड असलेल्या गटांत याला मज्जाव असतो. खऱ्या बंदुकीत जितकी काडतुसे तितक्याच गोळ्या भरायच्या, असा त्यांचा दंडक. ली-एनफील्ड घेतली असेल तर दहा. अकरावी हवी असेल तर थांबा, आडोशाला बसा, भरा. आणि येथे एक मजेदार उलटापालट होते. खऱ्या शिपायाला पेटी एकच होती, तो वरून चार्जरने भरी. खेळणाऱ्याला वरून भरता येत नाही. तो रिकामी पेटी काढून खिशातली दुसरी बसवतो. म्हणजे ली याने १८७९ साली मनात धरलेली आणि त्याच्या बंदुकीला इंग्रजी सैन्यात कधी न लाभलेली पद्धत अखेर खेळात पाळली जाते.

हा खेळ मला पोरकट वाटतो की नाही, याचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. पोशाख, बिल्ले, टोप्या यांत मला रस नाही. पण दहा मोजणे मला पटले. बंदूक मोजून भरली की मध्ये विराम येतो. हात चाप सोडतो, पट्ट्यावरच्या पिशवीकडे जातो, नजर निशाणावरून निघते. पुस्तकात गोळीबार हा एकच शब्द असतो. या विरामांचा त्यात पत्ता नसतो.

त्या रात्री मी जालियनवाला बागेचा हिशेब मांडून पाहिला. १३ एप्रिल १९१९. जनरल डायरने मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या आणल्या होत्या, पण बोळ अरुंद म्हणून त्या बाहेरच राहिल्या. आत गेले ते पन्नास रायफलवाले हिंदी आणि गुरखा शिपाई, आणि नुसत्या खुकऱ्या घेतलेले चाळीस गुरखे. रायफली ली-एनफील्ड. गोळीबार सुमारे दहा मिनिटे चालला आणि १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. मेलेल्यांचा सरकारी आकडा ३७९. काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या घरात धरला.

१,६५० भागिले ५० म्हणजे माणशी ३३. पेटीत दहा मावतात. म्हणजे प्रत्येक शिपायाने, पूर्ण भरलेली पेटी घेऊन तो आत आला असे धरले तरी, सरासरीने आणखी पाच चार्जर रिचवले. आता वेळ बघू. इंग्रजी पायदळाच्या शिक्षणात तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमके बार ही अपेक्षा असे. येथे दहा मिनिटांत तेहतीस, मिनिटाला तीन-साडेतीन. हा भान सुटलेल्या, घाबरलेल्या माणसांचा गोळीबार नव्हे. हा सावकाश, निशाण धरून, हुकमाबरहुकूम केलेला आहे. आणि प्रत्येकाच्या हाताला चार-पाच वेळा तो विराम मिळालेला आहे : बोल्ट मागे, हात पिशवीत, चार्जर खाचेत, अंगठ्याने दाब, बोल्ट पुढे. समोर भिंतीकडे आणि विहिरीकडे धावणारी माणसे.

शिपाई हुकमाशिवाय दहा बार उधळील, या भीतीने ज्यांनी ली याच्या पेटीला झाकण बसवले होते, त्यांना अमृतसरला अशी कोणतीच अडचण आली नाही. एकानेही हुकमाबाहेर काही केले नाही.

यात ली याचा दोष किती, यावर आमच्या वर्गात वाद झाला. तो मरून पंधरा वर्षे झाली होती, असे एक बाजू म्हणाली. बनवताना ती कशासाठी बनवतो आहे हे त्याला ठाऊक नव्हते काय, असे दुसरी. मी दुसऱ्या बाजूला होतो आणि आहे. मात्र दोषाची वाटणी करायची झाली तर त्याच्या आधी उभे राहावे लागेल असे लोक पुष्कळ आहेत.

बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या आरंभापासून ही रायफल बनू लागली. स्वातंत्र्यानंतर, १९६२ च्या चिनी युद्धानंतरच्या काळात, तेथेच तिचा ७.६२ मिलिमीटरचा हिंदी अवतार निघाला. त्याच्या काडतुसाला ती त्रासदायक कडा नाही, आणि पेटीत दहाऐवजी बारा मावतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुका घेतलेल्या अतिरेक्यांसमोर आपल्या काही पोलिसांच्या हाती थ्री नॉट थ्रीच होती. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला समारंभाने निरोप दिला.

आमच्या एन.सी.सी.च्या पथकाला कवायतीसाठी मिळतात त्या रायफली याच जातीच्या आहेत. त्या निकामी केलेल्या असतात, त्यांतून गोळी सुटत नाही. पण पेटी निघते. आतली बैठक अंगठ्याने दाबली की खाली जाते, सोडली की वर येते.